मुलगी पहिल्यांदा एकटी उतरते, तेव्हा टॉवरवर काय चाललेलं असतं?

राजेंद्र नगरच्या एका वडिलांनी विचारलंय: "मुलगी इंदूरच्या फ्लाइंग क्लबात शिकते. येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत तिची पहिली सोलो होईल म्हणतात. ती एकटी उतरत असताना टॉवरमधलं कुणी तिच्याकडे खरंच बघत असतं का? आणि काही चुकतंय असं दिसलं तर ते लोक नेमकं काय करू शकतात? घरात दोघांचीही झोप उडालीय."

बघत असतं. एवढं आज रात्रीच्या झोपेसाठी पुरे असेल तर पुढचं उद्या वाचा.

दुसऱ्या भागाचं उत्तर लांब आहे. मी तीस वर्षांहून जास्त काळ एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो, त्यातली बरीच वर्षं टॉवरच्या काचेमागे गेली. लोकांना वाटतं आम्ही विमानं उतरवतो. लग्नकार्यात कुणीतरी ओळख करून देतं, "हे विमानं उतरवायचे," आणि मी गप्प बसतो, कारण खरं सांगायला बसलं तर पंगत उठेपर्यंत संपत नाही. विमान वैमानिक उतरवतो, मग ती तुमची एकोणीस वर्षांची मुलगी का असेना. आमच्या हातात दांडी नाही, ब्रेक नाही. एक काच, एक दुर्बीण, एक माइक आणि धावपट्टी कुणाला द्यायची हे ठरवायचा हक्क, एवढंच आमचं भांडवल. या भांडवलातून छोट्या विमानाला देण्यासारखी सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वेळ. आणि त्याचं सगळ्यात मोठं नुकसान आम्ही करू शकतो ते घाई लावून. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, ते पुढे सांगतो.

सोलोच्या दिवशी आधी क्लबातून टॉवरला फोन येतो. अमुक विमान, अमुक वेळी, पहिली सोलो, एक सर्किट. मी त्या विमानाच्या स्ट्रिपवर, म्हणजे ज्या कागदी पट्टीवर आम्ही प्रत्येक विमानाची नोंद ठेवतो तिच्यावर, मोठा 'एस' काढायचो आणि खाली एक जाड रेघ. शेजारी बसलेल्याला तोंडानेही सांगायचो. मग पुढच्या अर्ध्या तासात मोठी विमानं कोणती येणार ते बघायचं. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू अशी तीन पाठोपाठ येणार असतील तर इन्स्ट्रक्टरला सरळ सांगायचं, "साहेब, वीस मिनिटं चहा घ्या." चांगला इन्स्ट्रक्टर यावर कधी कुरकुरत नाही. तो स्वतः विमानातून उतरून हातात रेडिओ घेऊन बाहेर उभा असतो आणि त्याच्या पोटातही तुमच्याइतकाच गोळा आलेला असतो.

हवा बघायची. क्लबची विमानं डोळ्यांनी बघून उडतात, त्यासाठी निदान पाच किलोमीटर दृश्यता लागते. आपल्याकडे थंडीत सकाळी शेतांवर धुकं बसतं, सुपर कॉरिडॉरकडच्या इमारती अर्ध्याच दिसतात. अशा सकाळी सोलो नाही. संध्याकाळचंही बंधन आहे: भारतात अशी उड्डाणं साधारणपणे सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंतच चालतात. फ्लाइंग क्लबांच्या सरावाला परवानगीने सूट मिळते, पण पहिल्या सोलोला कुणी ती मागत नाही.

आता तिची फेरी. धावपट्टीभोवती जमिनीपासून सुमारे हजार फुटांवर आयताकृती चक्कर, तिला सर्किट म्हणतात. टेक-ऑफ, मग काटकोनात वळण, मग धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाणं, हा डाउनविंड. मग बेस, म्हणजे पट्टीकडे वळणारा आडवा तुकडा, मग फायनल, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत खाली येणं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. डाउनविंडवर ती टॉवरला कळवते, टॉवर तिला उतरण्याच्या रांगेतला तिचा नंबर सांगतो, फायनलवर ती पुन्हा बोलते आणि टॉवर वारा सांगून "क्लिअर्ड टु लँड" म्हणतो. ती तेच शब्द, धावपट्टीचा आकडा आणि स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, म्हणून दाखवते. ते म्हणून दाखवणं आम्ही कान देऊन ऐकतो. क्लबात दोन विमानांच्या नावांची शेवटची अक्षरं उलटसुलट असली की एकीला दिलेली परवानगी दुसरी उचलते. शिकाऊ मुलांच्या बाबतीत ते जास्त होतं, कारण ती आपलं नाव येईल म्हणून श्वास रोखून बसलेली असतात आणि जे नाव येईल ते त्यांना आपलंच वाटतं.

"क्लिअर्ड टु लँड" याचा अर्थ फक्त इतका, की पट्टी तुझी आहे. उतरलंच पाहिजे असा तो हुकूम नव्हे. हे मी क्लबात व्याख्यान द्यायला गेलो की प्रत्येक बॅचला सांगायचो आणि प्रत्येक बॅचमध्ये दोघा-तिघांचे चेहरे बदलायचे. त्यांना वाटत असायचं, टॉवरने सांगितलं म्हणजे उतरायलाच हवं.

त्यानंतर आम्ही गप्प बसतो. घरच्यांना ही गोष्ट विचित्र वाटते. फायनलचा शेवटचा टप्पा, चाकं टेकण्याचा क्षण आणि पट्टीवरची धाव या काळात सुरक्षिततेचं कारण असल्याशिवाय विमानाशी बोलायचं नाही, असा नियम आहे, जगभर. म्हणजे आमचे डोळे तिच्यावर खिळलेले असतात नेमक्या त्याच वेळी रेडिओवर चिडीचूप असतं. तिला वाटत असेल, आपण एकट्या आहोत. वाटू दे. त्या पंधरा सेकंदांत कुणाचाही आवाज, अगदी "शाब्बास" सुद्धा, तिचं लक्ष अर्धा क्षण ओढून घेतो.

त्या शांततेत डोळे काय करतात? आधी पट्टी. इंदूरची पट्टी पावणेतीन किलोमीटर लांब आहे, सेसनाला, म्हणजे क्लबच्या छोट्या विमानाला, तिचा चौथा हिस्सासुद्धा पुष्कळ. पण लांब पट्टीवर बघायलाही लांब लागतं. कुत्रा, ससा, टायरचा तुकडा, गवत कापणाऱ्यांची विसरलेली टोपली. पावसाळ्याच्या सुरुवातीला किडे वर येतात आणि त्यांच्यामागे बगळे, घारी. मग विमान. खूप उंच येतंय का, खूप खाली? हे मोजायला आमच्याकडे यंत्र नसतं, सवय असते. काचेच्या चौकटीत कुठल्या ठिकाणी विमान दिसायला हवं हे हजारो लँडिंग बघून डोळ्यात बसतं. क्लबच्या एकइंजिनी सेसनाची चाकं कायम खालीच असतात, पण पुढे ती दोन इंजिनांच्या विमानावर गेली की चाकं आत-बाहेर होणारी येतात. तेव्हा फायनलवर दुर्बीण चाकांवरच जाते. चाक न दिसणं, धूर, लोंबणारी काही वस्तू, असं वावगं दिसलं तर वैमानिकाला ताबडतोब सांगणं हे आमचं बांधील काम आहे. शांततेचा नियम तिथे संपतो.

सगळ्यात जास्त मी बघायचो ते बेसवरून फायनलवर येणारं वळण. लहान विमानाला फसवणारी जागा ती. वळायला उशीर झाला, धावपट्टीची रेघ ओलांडली गेली, की नवशिक्याला वाटतं अजून जोरात वळवून रेघेवर यावं. पंख जितके कलतात तितका विमानाला तरंगत राहायला वेग जास्त लागतो. पंख पंचेचाळीस अंशांवर गेले आणि उंची धरून ठेवली तर ज्या वेगाला विमान पडायला लागतं तो वेग सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढतो. साठ अंशांवर एकेचाळीस टक्क्यांनी. आणि हे सगळं चारपाचशे फुटांवर, सावरायला जागा नसताना. रेघ ओलांडली तर ओलांडू द्यावी, पॉवर द्यावी, वर जावं, पुन्हा फेरी मारावी. पेट्रोलचा खर्च सोडला तर काही जात नाही.

आता घाईचं. नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं झाली होती, गाव सांगत नाही. संध्याकाळची वेळ, डाउनविंडवर एक शिकाऊ मुलगा सेसनात, आणि बारा मैलांवर सरळ येणारं एअरबस. मी मनात हिशेब केला: हा चटकन उतरेल, एअरबसच्या आधी निघून जाईल. त्याला म्हणालो, "एक्स्पिडाइट अप्रोच," म्हणजे लवकर उतर. त्याने ऐकलं. आज्ञाधारक पोरगं. बेस तोडून आत वळला, त्यामुळे उंच राहिला, उंच म्हणून नाक खाली घातलं, नाक खाली म्हणून वेग वाढला. टेकला तो उडाला, पुन्हा टेकला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा पुढचं चाक वाकलं होतं आणि विमान पट्टीच्या मधोमध उभं. मुलगा ठीक होता. एअरबसला मी गो अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा असं, दिलं आणि पाऊण तास पट्टी बंद राहिली. म्हणजे जे चार मिनिटं वाचवायला निघालो होतो त्याचं हे झालं.

हिशेब कुठे चुकला होता ते पुढे मी प्रत्येक नव्या कंट्रोलरला कागदावर मांडून दाखवायचो. सेसना फायनलवर येते साधारण पासष्ट नॉटने, म्हणजे ताशी एकशेवीस किलोमीटर; इंदूर-देवास रस्त्यावरची जोरात पळणारी गाडी. एअरबस शेवटच्या टप्प्यात एकशेचाळीस नॉटच्या आसपास, आणि बारा मैलांवर असताना त्याहून बरंच जास्त. सेसनाला डाउनविंडच्या मध्यावरून टेकायला चारेक मिनिटं, पट्टी मोकळी करायला आणखी दीड-दोन. तेवढ्यात एअरबस पंधरा-सोळा मैल खाऊन बसतं. बारा मैलांवरचं एअरबस म्हणजे आलेलंच समजायचं. छोट्याला आधी घालायचंच नाही.

मग छोट्याला थांबवायचं कसं, हाही वादाचा विषय आहे. बरेच कंट्रोलर म्हणतात, जागेवरच एक गोल चक्कर मारायला लावा, ऑर्बिट. अनुभवी वैमानिकाला ठीक. पहिल्या सोलोवाल्याला मी कधी दिली नाही, कारण चक्कर मारताना पट्टी नजरेआड होते, उंची पडते, आणि चक्कर संपल्यावर 'मी कुठे होतो' हा प्रश्न उरतो. डाउनविंड लांबवायला सांगणं बरं, पण तेही फार नाही. चार मैल पुढे गेलेल्या पोराला मागे वळून पट्टी सापडेलच असं नाही. सगळ्यात बरं म्हणजे हा प्रसंग येऊच न देणं, म्हणून तर तो वीस मिनिटांचा चहा.

एअरबसच्या मागे उतरणं म्हणजे आणखी वेगळी गोष्ट. मोठं विमान जाताना पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे सोडतं. ते दिसत नाहीत. हळूहळू खाली बसतात, मिनिटाला काही शे फूट, आणि वाऱ्याबरोबर सरकतात. वारा जोरात असला तर मोडतात. पाच नॉटच्या आत हलका आडवा वारा असेल तर दोन्हीतला एक भोवरा पट्टीवरच ठाण मांडून बसू शकतो, म्हणून ज्या दिवशी झाडाचं पान हलत नाही त्या दिवशी मी जास्त सावध असायचो. पाऊणशे टनांच्या विमानाचा भोवरा आणि सातशे सत्तावन्न किलो कमाल वजनाची सेसना १५२. सात टनांपर्यंतची विमानं हलक्या वर्गात धरतात, आणि मध्यम किंवा अवजड विमानाच्या मागे हलकं उतरत असेल तर अंतर तीन मिनिटांचं. यात एक मेख आहे. छोटं विमान डोळ्यांनी बघून उडत असेल तर ही तीन मिनिटं मोजून देणं कंट्रोलरवर बंधनकारक नाही. "कॉशन, वेक टर्ब्युलन्स", म्हणजे भोवऱ्यांपासून सावध, असा इशारा देऊन अंतर ठेवणं वैमानिकावर सोडता येतं. नियम तसा आहे आणि जाणत्या वैमानिकासाठी योग्यही आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिल्या एकट्या फेरीत हा हिशेब करायला लावणारा कंट्रोलर मला आवडला नसता. मी घड्याळ लावून तीन मिनिटं द्यायचो आणि वर इशाराही. तिला इन्स्ट्रक्टरने शिकवलेलं असेलच: मोठं विमान ज्या वाटेने खाली आलं तिच्या वरून यायचं आणि ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकायचं. पट्टी लांब आहे ती अशा वेळी कामाला येते.

माळव्यातल्या हवेबद्दल बोललं पाहिजे, कारण शब-ए-मालवा म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती रात्रीची असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा काय करते ते छोट्या विमानाला विचारा. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर. या उंचीला प्रमाण हवामानात तापमान अकरा अंश धरतात. मे महिन्यात बेचाळीस झालं म्हणजे एकतीस अंश जास्त. प्रत्येक अंशाला ढोबळ १२० फूट धरले तर विमानाच्या इंजिनाला आणि पंखांना वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. काट्यावर पासष्ट नॉट दिसत असतात आणि हवेतला खरा वेग सत्तरच्या वर असतो. धाव लांबते. त्याहून वाईट म्हणजे गो अराउंड करताना वर चढायचा जोर कमी पडतो, पट्टीवरून तरंगत राहिल्यासारखं वाटतं, आणि गरम डांबरावरून उठणारी हवा विमानाला उतरूच देत नाही, सेसना पट्टीवर पतंगासारखी लटकते. म्हणून उन्हाळ्यात क्लबचं काम सकाळी लवकर उरकतात. तुमच्या मुलीला पहाटे पाचला घरून निघावं लागत असेल तर त्याबद्दल कुरकूर करू नका.

वारा आम्ही दर वेळी सांगतो तो उपचार म्हणून नव्हे. इंदूरची पट्टी ०७-२५ आहे, म्हणजे एका बाजूने उतरताना नाक ७० अंशांकडे, दुसऱ्या बाजूने २५० अंशांकडे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, तो २५ ला जवळपास समोरून मिळतो, छानच. पण मेअखेरीला वायव्येचा वारा सुटतो. समजा ३१० अंशांवरून पंधरा नॉट. पट्टीशी साठ अंशांचा कोन, आडवा हिस्सा तेरा नॉट. सेसना १५२ च्या पुस्तकात उतरून दाखवलेला आडवा वारा बारा नॉट आहे. बारा ही कायद्याची भिंत नाही, पण पहिल्या सोलोसाठी तेरा नको. हा गुणाकार टॉवरमध्ये आम्ही मनात करतो आणि इन्स्ट्रक्टर खाली उभा राहून करतो. दोघांचं उत्तर जुळलं नाही तर जो 'नको' म्हणतो त्याचं ऐकायचं.

आणखी एक इथलीच गंमत. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सूर्य मावळतो तो जवळपास २५ च्या रेषेत. त्या बाजूने उतरणाऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन, आणि तिकडे बघणाऱ्या आमच्याही. टॉवरच्या काचेला पडदे असतात, तरी अशा संध्याकाळी पट्टीच्या पश्चिम टोकाला उभं असलेलं छोटं विमान काळ्या ठिपक्यासारखं दिसतं किंवा दिसतच नाही.

छोटं विमान न दिसणं, किंवा दिसून विसरलं जाणं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात काळी भीती आहे. १ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजेलिसला संध्याकाळी काळोख पडल्यावर एका कंट्रोलरने एका छोट्या प्रवासी विमानाला पट्टीवर मध्येच जाऊन थांबायला सांगितलं. मग दुसऱ्या गोंधळात लक्ष गेलं, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका विमानाशी घोटाळा झाला, आणि त्याच पट्टीवर बोइंग ७३७ ला उतरायची परवानगी दिली गेली. छोट्या विमानाचे दिवे पट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले होते. ३५ माणसं गेली. ही कंट्रोलर काही निष्काळजी बाई नव्हती. त्या रात्री तिच्या खुर्चीवर आमच्यापैकी कुणीही असू शकलं असतं. म्हणून पट्टीवर कुणी असेल तर त्याची खूण समोर ठेवायची, स्ट्रिप आडवी सरकवायची किंवा लाल पट्टी लावायची, आणि कुणालाही उतरायची परवानगी देण्याआधी पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायची. प्रत्येक वेळी. मी निवृत्त झाल्यावरही रस्ता ओलांडताना मान तशीच फिरते, बायको हसते.

आता तुमचा नेमका प्रश्न: चुकतंय असं दिसलं तर काय?

पहिलं शस्त्र "गो अराउंड". पट्टीवर काही आलं, पुढचं विमान वेळेत निघालं नाही, तर आम्ही ते म्हणतो आणि ती पॉवर देऊन वर निघून जाते. विमान वेडंवाकडं येत असेल तर मात्र निर्णय मुळात तिचा, आम्ही म्हणू शकतो, "यू आर हाय," किंवा काय करणार आहेस असं नुसतं विचारू शकतो, "इंटेन्शन्स?" चांगल्या विद्यार्थ्याला तेवढा इशारा पुरतो. सोलोच्या वेळी तर इन्स्ट्रक्टरच रेडिओवर असतो आणि तो बोलायला लागला की आम्ही बाजूला होतो. एका वेळी कानात एकच आवाज हवा.

रेडिओ बिघडला तर? टॉवरमध्ये एक बंदुकीसारखा दिवा असतो, त्यातून लाल, हिरवा, पांढरा झोत सोडता येतो. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नको. दिवसा विमान पंख हलवून 'समजलं' सांगतं.

एकदा तो दिवा खरोखर वापरावा लागला. एका मुलीच्या तिसऱ्या की चौथ्या सोलोला माइकचं बटण दाबलेलंच अडकलं. असं झालं की त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही, आणि तिला स्वतःलाही काही ऐकू येत नाही. आम्हाला मात्र तिच्या कॉकपिटमधलं सगळं ऐकू येत होतं. इंजिनाची घरघर आणि त्यातून मराठीत, अगदी हळू, "पासष्ट... पासष्ट ठेव... नाक खाली, नाक खाली... घाई नको गं." टॉवरमध्ये आम्ही तिघं होतो, मराठी मी एकटा. बाकीचे दोघे विचारत होते, काय म्हणतेय? येणाऱ्या मोठ्या विमानाला अप्रोचवाल्यांनी, म्हणजे दूरची विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरांनी, त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर बाहेरच थांबवलं. मी दिवा उचलला आणि ती बेसवर वळताच स्थिर हिरवा धरला. उत्तर येत नाही हे लक्षात आल्यावर तिने, शिकवलं होतं तसं, टॉवरकडे बघितलं. पंख हलले. मग त्या मोठ्या गप्प बसलेल्या फ्रिक्वेन्सीवर आम्ही तिचं अख्खं लँडिंग ऐकलं, चाकं टेकल्याच्या आवाजासकट, आणि नंतर एक लांब श्वास. खाली आल्यावर तिला कळलं की सगळ्या टॉवरने तिचं स्वतःशी बोलणं ऐकलं, तेव्हा बिचारी लाजली. मी म्हटलं, बाई, जे बोलत होतीस तेच बरोबर होतं.

याहून वाईट झालं तर घंटा आहे. टॉवरमधून एक बटण दाबलं की अग्निशमन दल निघतं. त्यांना पट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचायचं असतं, उद्दिष्ट दोनचं. शंका आली तरी दाबायची, नंतर हसं झालं तरी चालेल. आणि उतरायची परवानगी मिळालेलं विमान अपेक्षित वेळेनंतर पाच मिनिटांत उतरलं नाही आणि संपर्कही नाही, तर शोध-बचावाची पुढची पायरी आपोआप सुरू होते. कुणाच्या मर्जीवर ते नसतं.

थोडं आमच्या मर्यादेबद्दल, म्हणजे भाबडी समजूत नको. विमानतळाभोवतीचं आपलं आकाश 'डी' वर्गात मोडतं. त्यात डोळ्यांनी उडणाऱ्या छोट्या विमानाला आम्ही इतर विमानांची माहिती देतो, ते बघून दूर राहणं हे शेवटी वैमानिकाचं काम. म्हणून "ट्रॅफिक इन साइट", म्हणजे ते विमान दिसलं, हे शब्द तिने खरोखर दिसल्यावरच म्हणायचे. दिसलं नसताना भिडेपोटी "इन साइट" म्हणणारी मुलं मी बघितलीत. "दिसत नाही" म्हणणाऱ्या पोराला मी कधी रागावलो नाही, उलट त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं. तुमच्या मुलीला एवढं जरूर सांगा: "से अगेन" (पुन्हा सांगा), "अनेबल" (जमणार नाही), "गो अराउंड" हे तीन शब्द वापरल्याबद्दल टॉवरवर कुणी तिला नावं ठेवत नाही. इंग्रजी अडखळलं तरी चालेल. मला तर सफाईने बोलणाऱ्या नवशिक्याचीच जास्त काळजी वाटायची.

सोलोच्या दिवशी तुम्ही दोघं क्लबात जाऊन उभे राहू नका. तिला दिसलात की तिला तुमचाच विचार. विमानतळाला लागून बिजासन टेकडी आहे, देवीचं दर्शन घ्या आणि तिथूनच बघा, पट्टी दिसते. फेरी लांबलेली दिसली तर घाबरू नका, मागून मोठं विमान येत असेल. फायनलवर येऊन ती न टेकता पुन्हा वर गेली, तर शेजारच्या माणसाला आनंदाने सांगा की आमची मुलगी आहे. आणि गाडीत तिच्या कपड्यांचा एक कोरडा जोड ठेवा. पहिली सोलो झाली की क्लबातली पोरं बादल्या घेऊन उभी असतात.